नाव आठवण्याआधी आरबीसी काउंट बघ

सेकंड एमबीबीएसचं प्रॅक्टिकल पंधरा दिवसांवर आलंय आणि "रक्ताच्या सगळ्या स्लाइड्स सारख्याच जांभळ्या दिसतात, अॅनिमिया आणि ल्युकेमिया वेगळे ओळखायचे कसे?" असं विचारलंयस. यादी पाठ करणं आधी थांबव. एकमेकांसारखे दिसणारे दोन आजार शेजारी ठेवून वाच. परीक्षक नेमके तिथेच पकडतात.

मी स्वतः तसाच आपटलोय. व्हायवात चार्ट मिळाला: बाई, वय २४, हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ६४. मी धाडकन "आयर्न डेफिशिअन्सी" (लोहाची कमतरता) म्हणालो. परीक्षक बाईंनी पेन्सिलीने आरबीसी काउंटवर, म्हणजे लाल पेशींच्या संख्येवर, फक्त टकटक केलं. ५८ लाख! लोहच नसेल तर अस्थिमज्जा एवढ्या पेशी बनवेल कशाला? थॅलसेमिया मायनर (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) होता. एमसीव्हीला दशलक्षातल्या आरबीसी काउंटने भाग: ६४ भागिले ५.८ म्हणजे ११. तेराच्या खाली थॅलसेमियाचा संशय, वर असेल तर लोहाची कमतरता. हा मेंट्झर इंडेक्स. अर्थात हा नुसता इशारा. खात्री एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ने, ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की. केसमध्ये सिंधी किंवा कच्छी भानुशाली कुटुंब असं मुद्दाम लिहिलेलं असतं, ते उगाच नसतं. तसंच नंदुरबार-गडचिरोलीचा मुलगा, हातपाय दुखतात म्हटलं की सिकलिंग टेस्ट, म्हणजे सिकलसेलची चाचणी.

आता ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियातल्या अपरिपक्व पेशी. लहान मूल असेल तर पैज एएलएलवर (लिम्फॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया) लावायची, पण स्लाइडवर एक जरी ऑअर रॉड (ब्लास्टमधली काडीसारखी रेघ) दिसला तरी वय विसर, ते मायलॉइडच. मात्र रॉड नाही म्हणून एएमएल (मायलॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया) नाही, असं लिहू नकोस. रॉड्सचे भारे दिसले, हिरड्यांतून रक्त, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलेला, तर एपीएल, एएमएलचाच एक प्रकार; त्यात टी(१५;१७), म्हणजे १५ आणि १७ या गुणसूत्रांतली अदलाबदल. इथे डीआयसीने (रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडून) पेशंट काही तासांत जाऊ शकतो, म्हणून जनुकीय रिपोर्टची वाट न बघता एट्रा हे औषध सुरू करतात. हे वाक्य व्हायवात नक्की बोल.

सीएमएल (मायलॉइड पेशींचा दीर्घकालीन ल्युकेमिया) आणि ल्युकेमॉइड रिअॅक्शन (इन्फेक्शनसारख्या कारणाने पांढऱ्या पेशी ल्युकेमियासारख्या वाढणं)? बेसोफिल या पांढऱ्या पेशी शोध. सीएमएलमध्ये ते वाढतात, प्लीहा बेंबीपर्यंत येते, एलएपी स्कोअर (न्यूट्रोफिलमधल्या एका एन्झाइमची मोजणी) पडतो. इन्फेक्शनमध्ये स्कोअर चढतो, न्यूट्रोफिलमध्ये टॉक्सिक ग्रॅन्युल्स दिसतात.

स्मज सेल्स (स्लाइडवर चिरडलेल्या पेशी) आणि म्हातारा माणूस म्हणजे सीएलएल (लिम्फॉइड पेशींचा दीर्घकालीन ल्युकेमिया), घुबडाच्या डोळ्यांची पेशी म्हणजे हॉजकिन लिम्फोमा. यावर वेळ घालवू नकोस.

मायलोमा (मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) मात्र निसटतो, कारण तो पेपरात ऑर्थोच्या वेषात येतो: साठीचा माणूस, कंबरदुखी, क्रिएटिनिन वाढलेलं, कॅल्शियम जास्त, अल्कलाइन फॉस्फटेज बहुधा नॉर्मल. अशा वेळी स्मिअरवर नाण्यांच्या चळतीसारख्या लाल पेशी दिसतात का बघ. पण स्मिअरच्या जाड भागात बघू नकोस, तिथे सगळ्यांच्याच चळती दिसतात.