तीन हजारांत शाईचं चांगलं पेन कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की शाळेनंतर आता पुन्हा शाईपेनाचा नाद लागलाय, रोज मराठीत डायरी लिहिता, बजेट तीन हजार आहे, आणि लेमी किंवा पायलट कंपनीचं पेन की पैसे साठवून सोन्याची निब, यात अडकला आहात.

यातला ‘मराठीत’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेनांबद्दलचे बहुतेक सल्ले रोमन लिपी लिहिणाऱ्यांचे असतात. आपल्या अक्षरांना गाठी फार. मी हौसेने एक महागडं, जाड निबचं पेन ऑनलाइन मागवलं होतं. सही झोकात यायची, पण ‘क्ष’, ‘श्र’, ‘ध’ लिहिले की आतली पोकळी शाईने भरून जायची. वर्षभर ते पेन ड्रॉवरमध्येच पडून आहे. तेव्हा अक्षर बारीक असेल तर फाइन निब घ्या, मोठं असेल तर मीडियम. जपानी फाइन ही युरोपियन फाइनपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, म्हणजे पायलटची एफ (फाइन) ही लेमीच्या ईएफच्या (एक्स्ट्रा फाइन) आसपास जाते. १.१ मिमीची स्टब, म्हणजे रुंद सपाट टोकाची निब पत्रिका-पाकिटांवर सुंदर दिसते: काना जाड, शिरोरेषा बारीक. डायरीला मात्र नको.

दुकानात जाऊन घेता आलं तर उत्तमच. जाताना स्वतःची वही न्या. दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर कुठलंही पेन लोण्यासारखं चालतं. दुकानदार निब शाईत बुडवून देतो, त्यामुळे पहिल्या दोन ओळी सगळीच पेनं गुणी. दहा ओळी लिहा आणि मग शिरोरेषा सरसर ओढा, लांबलचक, जोर न देता. रेघ मधेच तुटली तर ते पेन खाली ठेवा. कधीकधी निब इतकी घासलेली असते की टोकावरच्या चिरेच्या आतल्या कडा गोल होतात आणि शाई कागदाला टेकतच नाही. ‘वापरून वापरून सुटेल’ असं सांगतील, ऐकू नका.

लेमी सफारी टिकाऊ आहे, पण तिच्या पकडीला खाचा आहेत. तुमची बोटं त्या खाचांत बसत नसतील तर पानभर लिहून हात दुखेल. पायलट मेट्रोपॉलिटनची पकड गोल आहे, निब नेमकी चालते. मला दोघांत निवडायला सांगितलं तर पायलट, फाइन.

सोन्याची घाई करू नका. सोन्याच्या निबवर बहुतेकदा ५८५ लिहिलेलं असतं, म्हणजे १४ कॅरट. पण कागदाला सोनं लागतच नाही. टोकावर कठीण मिश्रधातूचा ठिपका असतो, तो चांगल्या स्टीलच्या निबलाही असतोच. सोन्याने थोडा लुसलुशीतपणा येतो, इतकंच. पुढे कधी घ्यायचीच तर प्लॅटिनम या जपानी कंपनीचं ३७७६ हे पेन बघा (फुजी पर्वताची मीटरमधली उंची, नावाचाही शौकच म्हणायचा). टोपण इतकं घट्ट बसतं की महिनोन्‌महिने शाई सुकत नाही.

तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरच्या रंगा पेन्सची हाताने लेथवर घडवलेली एबोनाइटची पेनंही जरूर पाहा. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, नवीन असताना थोडा वास येतो. यातली ड्रॉपरने भरायची पेनं कन्व्हर्टरपेक्षा (पेनात बसणारी, शाई ओढून घेणारी छोटी नळी) कितीतरी जास्त शाई घेतात. मात्र शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबवरून टपकन थेंब पडतो. पांढऱ्या शर्टाच्या खिशात मे महिन्यात ते पेन ठेवू नका. पाव भाग शाई उरली की भरून टाका.

शाई साधी कॅमलची रॉयल ब्लू घ्या. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई पेनात चुकूनही भरू नका, ती जिभेत (निबखालच्या, शाई पुरवणाऱ्या भागात) वाळली की पेन गेलंच समजा. आणि नवीन पेन भरण्याआधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं, आणि पहिल्याच पानावर अडखळलं की लोक बिचाऱ्या निबला शिव्या घालतात.