चार बदाम आणि एकच पान बाकी

प्रश्न : गणपतीच्या जागरणाला घरी चिंचोके लावून पोकर खेळलो. माझ्याकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती. खाली सगळ्यांच्या सामाईक पानांत बदाम राजा, बदाम तिर्री, किलवर नव्वी, इस्पिक गुलाम. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 60 चिंचोके असताना साडूंनी आणखी 40 टाकले. भाचा म्हणाला, ‘‘मामा, फ्लशचा, म्हणजे पाच बदामांचा, चान्स 35 टक्के आहे, सोडू नका.’’ मी 40 टाकले. शेवटचं पान काळं निघालं, साडूंकडे राजाची जोडी. माझं चुकलं की नशीब फिरलं?
— एक वाचक, परळ

उत्तर : भाच्याचा आकडा खरा आहे, पण तो एक पान आधीचा. खाली तीनच पानं असतात आणि दोन यायची असतात, तेव्हा 35 टक्के. तुमच्यापुढे एकच पान उरलं होतं.

दादरच्या शाळेत मी गणित शिकवत असे तेव्हा मुलांसमोर पत्ते मांडायची, तसंच तुमचं पत्र आल्यावर केलं. तुम्हाला दिसणारी सहा पानं बाजूला काढली. उरली 46. त्यातली बदामं वेगळी केली, तर 9 निघाली आणि शेजारी 37 पानांची ही जाड थप्पी. दोन्ही ढीग शेजारी ठेवून बघाच, आकड्यापेक्षा ते जास्त पटतं. 46 पैकी 9, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास.

आता किंमत. पॉटमधले 60, साडूंचे 40, तुमचे 40, असे 140. त्यातले 40 तुम्ही देणार, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के वेळा जिंकलात तरच बरोबरी. आधी टाकलेले चिंचोके यात धरायचे नाहीत. ते पॉटचे झाले. इथेच बहुतेकांचा पाय अडकतो, ‘इतके घातलेत, आता कसं सोडू’ म्हणून.

साडूंकडे फक्त राजाची जोडी आहे असं तुम्ही ओळखलं असतंत, तर उरलेले तीन एक्केही तुमच्या कामाचे होते, कारण एक्क्याची जोडी राजाच्या जोडीवर भारी. मग 46 पैकी 12, सव्वीस टक्के. तरीही कमीच. आणि त्यांच्याकडे राजा-गुलाम असते, तर बदाम गुलाम येऊन तुमचा फ्लश झाला असता, पण त्यांचं फुल हाउस, म्हणजे तीन गुलाम नि दोन राजे, फ्लशवरही भारी! नऊतलं एक पान असं उलटू शकतं.

साडूंनी 40 ऐवजी 10 टाकले असते, तर 80 मध्ये तुमचे 10, साडेबारा टक्के. तेव्हा बेलाशक खेळायचं.

एक वाट उरते : बदाम आल्यावर साडूंकडून आणखी किती निघाले असते? 40 चिंचोके वसूल व्हायला पॉटच्या 100 वर साधारण 65 हवे होते. खाली तीन बदामं दिसत असताना कुणीही हात आखडता घेतो. पुढच्या वेळी पान मागण्याआधी साडूंसमोरचा ढीग मोजा. त्यात 65 नसतील, तर पानं खाली ठेवा.