सही करायच्या आधी एक मेल टाका

यावेळी नोकरीची पत्रं इतकी आलीत की बाकीचे विषय बाजूलाच ठेवलेत, त्यातली तीन घेतीये. नावं, कंपन्या काढून टाकल्यात, बाकी मजकूर जवळपास तुमच्याच शब्दांत.

प्रश्न: वकीलताई नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला ९ वर्षं झाली. दिवाळीआधी डिस्पॅच वाढला म्हणून रोज १२-१२ तास थांबवलं आणि ओटी (ओव्हरटाइम) सिंगल रेटने दिला, मी आणि अजून दोघांनी एचआरला विचारलं डबल का नाही, तेव्हापासून माझ्या मागे लागलेत. आधी लाइनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, मग सगळ्यांना इन्क्रिमेंट दिलं मला नाही, आणि आता केबिनमध्ये बोलावलं, मोबाईल बाहेर ठेवायला लावला आणि टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला, तारीखसुद्धा टाकलेली होती. म्हणे सही कर, नाहीतर चाकण प्लांटच्या बदलीची ऑर्डर तयार आहे, आठ दिवसांत जॉइन व्हायचं, नाही झालास तर टर्मिनेट, मग एक्स्पिरियन्स लेटर विसर. मी विचार करून सांगतो म्हणून बाहेर आलो. मुलगी दहावीला आहे, आईचं डायलिसिस इथंच चालू आहे. वर म्हणतात तू सुपरवायझर आहेस, तुला कामगार कायदा लागतच नाही. काय करू?

उत्तर: दादा, सही न करता बाहेर आलात हे फार बरं केलंत. त्यांना राजीनामाच का हवाय ते आधी समजून घ्या. कंपनीने स्वतःहून कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, आणि कारण लेखी सांगावं लागतं. तुम्ही राजीनामा दिलात की यातलं काहीच नाही, ग्रॅच्युइटी दिली की मोकळे. म्हणजे तुमची सही त्यांना स्वस्तात पडते, एवढंच त्या कागदाचं गुपित.

आता आज रात्रीच तुमच्या पर्सनल जीमेलवरून (कंपनीच्या आयडीवरून नको, तो कधीही बंद करतील) एचआरला मेल टाका, प्लांट हेडला सीसी. फार कायदेशीर भाषा नको. 'अमुक तारखेला इतक्या वाजता मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावून आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही करायला सांगण्यात आलं. अमुक व्यक्ती हजर होत्या. मी सही केलेली नाही आणि माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. मी माझ्या शिफ्टला नेहमीप्रमाणे हजर राहीन.' बस. शिव्या नाहीत, 'बघून घेईन' नाही. हाच मेल पुढे लेबर ऑफिसला आणि कोर्टात तुमच्यासाठी बोलेल, कारण सहा महिन्यांनी केबिनमधल्या चर्चेबद्दल कुणालाच काही आठवत नसतं. (आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच दबावाखाली सही करून बसला असेल तर त्याने त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, 'सही दबाव टाकून घेतली, मी राजीनामा मागे घेतोय' असं लिहून पाठवावं. राजीनामा लागू व्हायच्या आधी मागे घेता येतो. महिनाभराने लिहिलं तर कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारतं की इतके दिवस गप्प का होतात.)

दुसरं, उद्या गेटवर अडवतील. हे हमखास होतं, सिक्युरिटीवाला सांगतो वरून ऑर्डर आहे, माणूस चिडून घरी जातो आणि दहा दिवसांनी पत्र येतं की तुम्ही न कळवता गैरहजर आहात. म्हणून पंच करू दिला नाही तर तिथेच गेटसमोर उभं राहून मोबाईलवरून मेल करायचा, सकाळच्या शिफ्टला आलो होतो, आत सोडलं नाही. जितके दिवस अडवतील तितके दिवस जायचं आणि तितके मेल.

बदलीचं जरा नाजूक आहे. अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, त्यात 'कंपनीच्या कुठल्याही ठिकाणी बदली होऊ शकते' असं कलम असेल, बहुतेक असतंच, तर बदली करायचा हक्क त्यांना आहे. पण आकसाने केलेली बदली ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्यात सरळसरळ अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती यादी आहे. १९७१ च्या कायद्याखाली इंडस्ट्रियल कोर्टात तक्रार करायला ९० दिवस असतात, ते घरच्या घरी चर्चा करण्यात घालवू नका. ऑर्डर हातात पडली की आधी आईच्या डायलिसिसचे कागद जोडून लेखी विनंती द्या, डबल ओटी मागितल्यानंतरच हे सगळं सुरू झालं हे तारखांसकट लिहा, आणि वकिलाकडे जा. स्टे (बदलीला स्थगिती) मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर माझं मत असं की 'निषेध नोंदवून रुजू होत आहे' असं लिहून चाकणला जॉइन व्हा आणि केस इथून लढा. घरच्यांना हे पटणार नाही, मला माहितीये, पण न जाऊन घरी बसलात तर काढायचं कारण तुम्हीच हातात दिलंत.

सुपरवायझरचं म्हणाल तर व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला कोर्ट भीक घालत नाही. तुम्ही रजा मंजूर करता का, कुणाला मेमो देता का, की दिवसभर हातात व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) घेऊन पार्ट चेक करता? खरोखर देखरेखीचंच काम असेल आणि पगार १८,००० च्या वर असेल तर नव्या संहितेत कामगार धरत नाहीत, म्हणून तुमच्या सहीचे इन्स्पेक्शन रिपोर्ट, लाइनवरच्या ड्युटीचे चार्ट यांची कॉपी जपा. ओटी डबल हा जुन्या फॅक्टरी अॅक्टमध्येही होता, त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही आहे.

आणि एक स्पष्ट सांगते. निकाल लागेपर्यंत मुलगी कॉलेजला गेलेली असेल. त्यामुळे कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात समेटाच्या तारखा लागल्या आणि कंपनी पैसे देऊन सुटायला तयार झाली तर ऐकून घ्या, फक्त आकडा स्वतः काढून जा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक-डीए २६,००० असेल तर वर्षाचे १५,०००, नऊ वर्षांचे १,३५,०००. ही तर तुमचीच आहे, ती 'सेटलमेंट' म्हणून दाखवू देऊ नका. बोलणी त्याच्या वर सुरू होतात. वकिलाची फी परवडत नसेल तर सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. फोन करायचा तर १५१००. आणि ते बाकीचे दोघं आत्ता घाबरून लांब राहत असतील, पण त्यांना चहाला बोलवा, ओटीचा अर्ज तिघांच्या सहीने गेला तर वेगळंच वजन पडतं.

प्रश्न: ताई मी २३ वर्षांची आहे, कॉलेज रोडला एका ऑफिसमध्ये लागले तेव्हा ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतल्या आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली. आता सोडायचंय तर म्हणतात १ लाख भर आणि मार्कशीट घेऊन जा. ट्रेनिंग म्हणाल तर सीनियरच्या शेजारी चार दिवस बसले एवढंच.

उत्तर: अगं, मार्कशीट अडकवून ठेवायचा हक्क कुठल्याच मालकाला नाही, बाँड असो नसो. रजिस्टर एडीने पत्र पाठव, सात दिवसांत परत करा म्हणून, नाही दिल्या तर पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दे. असा अर्ज गेला की मार्कशीट बहुतेक वेळा चटकन सापडतात.

बाँड मात्र नुसता फाडून टाकण्यासारखा नसतो हं. २०२५ साली सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये ३ वर्षं आणि २ लाखांचा बाँड मान्य केलाय, भरतीचा खर्च वगैरे बघून. पण ती बँकेची मोठी भरती, जाहिरातीपासून मुलाखतीपर्यंत. तुझ्या चार दिवसांच्या शेजारी बसण्यावर १ लाख खर्च झाला हे त्यांना पटवून द्यावं लागेल, कारण कराराच्या कायद्यात वाजवी तेवढीच भरपाई मिळते. बाँडची कॉपी माग, नोटीस पिरियड पूर्ण कर, आणि धमकीचे मेसेज डिलीट करू नकोस.

प्रश्न: सातपूरला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो पण पासबुकात गेल्या वर्षभरात एंट्रीच नाही. साहेब म्हणतात होईल.

उत्तर: होईल म्हणणाऱ्यांचं वर्षभर कसं होत नाही? कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि तुमचा हिस्सा कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, त्यात फौजदारी होऊ शकते. सगळ्या सॅलरी स्लिप आणि पासबुकचा स्क्रीनशॉट घेऊन पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाका. पुढे कागद घेऊन जायची वेळ आली तर पीएफचं ऑफिस तुमच्या सातपूरमध्येच आहे. साहेबांना आधी सांगायची गरज नाही, तक्रार नंबर मिळाला की मग सांगा.