वाचकांचे प्रश्न : मंडळाची नोंदणी गेली आणि गणपती तोंडावर आलाय

प्रश्न : काका, नमस्कार. मी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या मराठी मंडळाची खजिनदार आहे, म्हणजे डिसेंबरच्या मीटिंगला उशिरा पोचले म्हणून झाले. रविवारची मराठी शाळा, गणपती, दिवाळी, सगळं मिळून वर्षाला तीस-पस्तीस हजार डॉलर. परवा एका मेंबरने देणगी दिली आणि त्याच्या कंपनीने मॅचिंग (त्याच्या देणगीइतकीच रक्कम कंपनीनेही द्यायची) नाकारलं, का ते शोधलं तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याच्या, रिव्होक्ड (करमाफी रद्द झालेल्यांच्या) यादीत आमचं नाव, आणि राज्याच्या रजिस्ट्रीत 'सस्पेंडेड'! आधीचे खजिनदार टेक्ससला गेले, पत्रं त्यांच्या जुन्या घरी जात होती, २०२२, २०२३, २०२४ तिन्ही वर्षं कुणीच काही भरलेलं नाही. यादीत नाव ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय. कमिटीत एकजण म्हणतात नवीन नावाने नवीन मंडळ काढू, दुसरे म्हणतात गणपती होऊ दे मग बघू. हॉलचं डिपॉझिट भरून झालंय. काय करू?
— एक खजिनदार, बे एरिया

उत्तर : ताई, 'गणपती होऊ दे मग बघू' हे इतक्या मंडळांत ऐकलंय मी, आणि मग दिवाळी येते, मग संक्रांतीचं हळदीकुंकू येतं, आणि तोवर मुदत गेलेली असते. तुमच्याकडे मुदत आहे अजून, ती सांगतो, पण आधी नक्की काय गेलंय ते बघू, कारण कमिटीला वाटतंय एकच नोंदणी गेली, तसं नाहीये.

तुमच्यामागे तीन वेगवेगळी सरकारी खाती आहेत आणि ती एकमेकांना विचारून काम करत नाहीत. आयआरएस, म्हणजे फेडरलची ५०१(सी)(३), धर्मादाय संस्थांना असते ती करमाफी. फ्रँचाइज टॅक्स बोर्ड, म्हणजे कॅलिफोर्नियाची करमाफी. आणि ॲटर्नी जनरलच्या हाताखालची चॅरिटीज रजिस्ट्री, 'सस्पेंडेड' म्हणतेय ती ही. शिवाय राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे संस्थांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, दर दोन वर्षांनी स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन भरायचं असतं, फी फक्त २० डॉलर, पण पत्ताच जुना असेल तर तेही राहिलेलं असणार. आज रात्री चारही ठिकाणी मंडळाचं नाव टाकून बघा, सगळं ऑनलाइन फुकट दिसतं, आणि स्क्रीनशॉट काढून कमिटीच्या ग्रुपवर टाका म्हणजे 'मग बघू'वाले जरा जागे होतील.

आयआरएसचं असं आहे की २००६च्या कायद्यात नियम आला, सलग तीन वर्षं रिटर्न भरलं नाही तर करमाफी आपोआप जाते. कुणी चौकशी करत नाही, सुनावणी नाही, काही नाही. पहिली यादी जून २०११ मध्ये लागली तेव्हा तिच्यात साधारण पावणेतीन लाख संस्था होत्या, त्यामुळे लाजू नका, एकट्या नाही तुम्ही. आणि वाईट कशाचं वाटतं तर वर्षाची जमा ५० हजार डॉलरच्या आत असलेल्या संस्थेला भरायचा असतो तो ९९०-एन, त्यात आठ प्रश्न, नाव, पत्ता, ईआयएन (संस्थेचा कर क्रमांक) वगैरे, चहा गार व्हायच्या आत संपतो. उशीर झाला तर दंडसुद्धा नाही त्याला. म्हणूनच कुणाच्या लक्षात राहत नाही, दंडाचं पत्र येत नाही ना! तुमची तिसऱ्या वर्षाची तारीख होती १५ मे २०२५, त्या दिवशीच करमाफी गेली, यादीत नाव नंतर आलं.

आता मुदत. आयआरएसची २०१४ची एक पद्धत आहे, रेव्हेन्यू प्रोसीजर २०१४-११. रद्द झाल्याचं पत्र आणि यादीत नाव येणं, यातलं जे नंतरचं असेल त्यापासून १५ महिन्यांच्या आत अर्ज केला, संस्था त्या तिन्ही वर्षी ९९०-एन किंवा ९९०-ईझेड (त्याच्या वरच्या पायरीचं छोटं रिटर्न) भरण्याइतकी छोटी होती, आणि याआधी कधी अशी आपोआप रद्द झाली नव्हती, तर करमाफी मागच्या तारखेपासून परत मिळते, जणू खंड पडलाच नाही. ऑगस्ट २०२५ धरलं तर नोव्हेंबर २०२६. नोव्हेंबर गेला की याच कामाला तिन्ही वर्षं का भरलं नाही याची सबळ कारणं लिहून द्यावी लागतात, आणि 'खजिनदार टेक्ससला गेले' हे किती सबळ वाटेल ते तुम्हीच ठरवा. नाहीतर मग अर्ज केला त्या तारखेपासूनच करमाफी, मधला काळ कोरडा, त्या काळाचं साध्या कंपनीसारखं टॅक्स रिटर्न भरत बसा.

अर्ज कुठला, तर १०२३-ईझेड, पे डॉट गव्हवर ऑनलाइन, फी २७५ डॉलर. मालमत्ता अडीच लाखाच्या आत आणि जमा वर्षाला ५० हजाराच्या आत असेल तर हाच, तुमचं बसतंय त्यात. रीइन्स्टेटमेंटचा भाग नीट वाचा, तिथे कलम ४ची पद्धत आणि कलम ७ची पद्धत असे दोन चौकोन असतात, तुम्हाला ४ हवाय. घाईत ७ वर टिक केली की मागची तारीख गेली. ईआयएन तोच राहतो, नवीन काढू नका.

फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडे राहिलेल्या वर्षांचे १९९-एन, म्हणजे ९९०-एनचे राज्यातले भाऊ, बघा, आणि तिथेही करमाफी गेली असेल तर आयआरएसचं नवीन पत्र आलं की ते जोडून ३५००-ए, हा राज्याकडे करमाफी मागायचा फॉर्म. एवढंच, ते फारसं डोकं खात नाही.

डोकं खातं ते रजिस्ट्रीचं. तिथे दरवर्षी आरआरएफ-१, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म, हवा, आणि जमा ५० हजाराच्या आत असेल तर सोबत सीटी-टीआर-१, म्हणजे खजिनदाराचा ताळेबंद. राहिलेल्या प्रत्येक वर्षाचा वेगळा, २०२५चाही. तुमच्या आकाराच्या मंडळाला वर्षाची फी २५ डॉलर. उशिराचा दंड मात्र महिन्याला २५, आणि खरी मेख इथे आहे, हा दंड मंडळाच्या पैशातून भरता येत नाही. देणगीचा पैसा लोकांनी कामासाठी दिलेला, तुमच्या विसराळूपणासाठी नाही, असा कायद्याचा हिशोब, त्यामुळे तो जबाबदार पदाधिकाऱ्यांच्या खिशातून. हे कमिटीत मोठ्याने वाचून दाखवा. त्या वर्षांत जे कमिटीवर होते त्यांनी वाटून घ्यावा हे मला योग्य वाटतं, तुम्ही डिसेंबरात आलात, सगळं तुमच्याच गळ्यात पडू देऊ नका. नक्की आकडा रजिस्ट्रीच्या पत्रात असतो, ते पत्र त्या जुन्या घरी असणार, नवीन भाडेकरूला डबा घेऊन जा पण पत्र मिळवा. आयआरएसचं उत्तर येईपर्यंत याला थांबायची गरज नाही, दोन्ही एकदम चालू करा.

आता गणपती. सस्पेंडेड असताना संस्थेने कामही करायचं नाही आणि देणग्याही मागायच्या नाहीत, नियम स्पष्ट आहे. तेव्हा देणगीचं पान आजच बंद, स्पॉन्सरना निरोप, तिकीटविक्री थांबवा. मूर्ती कुणाच्या तरी घरी बसवा, आरतीला सगळ्यांना बोलवा, प्रसादाला ज्याने त्याने डबा आणावा, घरच्या गणपतीला कुणी नोंदणी विचारत नाही. कागद आधी मार्गी लागले तर हॉल आहेच. मॅचिंग नाकारलं जाण्याचं कारणही यातलंच, २०२३ पासून कॅलिफोर्नियात कायदा आहे की ऑनलाइन देणगीच्या प्लॅटफॉर्मनी तिन्ही खात्यांत सुस्थितीत असलेल्या संस्थांसाठीच पैसे गोळा करायचे. म्हणजे तीनपैकी दोन सुधारून भागत नाही.

आणि नवीन नावाच्या मंडळाचं म्हणाल, तर ती कल्पना मांडणाऱ्यांना विचारा की जुन्या खात्यातल्या पैशांचं काय. ते चॅरिटीचे पैसे, असे उचलून दुसऱ्या खात्यात टाकता येत नाहीत, सगळी मालमत्ता हलवायची तर ॲटर्नी जनरलला आधी २० दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि नोटीस बघून ते पहिलं काय बघणार, तर हेच राहिलेले आरआरएफ. पळून जायचा रस्ता त्याच दारातून जातो.

प्रश्न : त्याच मंडळाचा मी मेंबर. मागच्या जूनमध्ये ३०० डॉलर दिले होते, टॅक्समध्ये दाखवले. आता ते चूक ठरणार का?
— एक वर्गणीदार

उत्तर : नाही. करमाफी मे २०२५ मध्येच गेली असली तरी यादीत नाव लागेपर्यंत देणाऱ्याने विश्वास ठेवलेला आयआरएस मान्य करते, आणि नाव ऑगस्टमध्ये लागलं. २५० डॉलर किंवा जास्त असेल तर मंडळाची लेखी पावती लागते, ती रिटर्न भरायच्या आधीची असायला हवी, असेल तुमच्याकडे. ऑगस्टनंतर काही दिलं असेल तर मंडळाचं पुन्हा मंजूर झाल्याचं पत्र येईपर्यंत ते वजावटीत धरू नका. आणि खजिनदार ताईंना एक निरोप द्या, जुन्या पावतीपुस्तकावर खाली 'टॅक्स डिडक्टिबल' छापलेलं असतं, ते पुस्तक आत्ता कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगा, शाळेच्या टेबलावर पडलेलं असतं ते नेहमी. पत्ता आणि जबाबदार व्यक्ती बदलल्याचा आयआरएसचा फॉर्म, ८८२२-बी, पण पाठवायला सांगा, बदल झाल्यावर ६० दिवसांत पाठवायचा असतो तो. डिसेंबर कधीच गेला, पण न पाठवण्यापेक्षा उशिरा बरा, नाहीतर मंजुरीचं पत्रसुद्धा त्या जुन्याच घरी जाईल.