सोसायटीची वार्षिक सभा आणि करोना: वाचकांचे प्रश्न

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्या, असे सहकार कायद्याचे कलम 75 सांगते. करोनामुळे 2019-20 च्या सभेची मुदत 31 मार्च 2021 पर्यंत वाढवली होती. ती सवलत त्या वर्षापुरती होती, तरी काही समित्या 2021 मध्येही तिच्याच भरवशावर निवांत होत्या. लेखापरीक्षण झाले असेल तर मुदतवाढीच्या नव्या आदेशाची वाट पाहत बसू नका.

प्रश्न: आमच्या 84 सदनिका आहेत. सभेची नोटीस व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर चालेल ना? कागद घेऊन घरोघरी फिरायला वॉचमन तयार नाही. (सचिव, ठाणे)

उत्तर: नुसत्या ग्रुपवर भागणार नाही. ग्रुपमध्ये भाडेकरू असतात, कुणाची सून असते, फ्लॅट विकून गेलेले दोघे-तिघेही असतात. आणि खरा सदस्य कधीच बाहेर पडलेला असतो. पुढे उपनिबंधकांकडे तक्रार गेलीच तर ‘मला सूचना मिळाली नाही’ हीच तिची पहिली ओळ असते. म्हणून दफ्तरी नोंद असलेल्या ईमेलवर सूचना पाठवा, ईमेल नसलेल्यांच्या टपालपेटीत टाका, परगावी राहणाऱ्यांना स्पीड पोस्ट करा आणि फलकावरही लावा. पोच घ्यायला एक वही नि एक पेन सगळ्या मजल्यांवर फिरवायचे ते करोनाचे दिवस नव्हते. ‘सूचना मिळाली, बी-602’ एवढा मेसेज सचिवांच्या नंबरवर मागवा आणि त्याचे स्क्रीनशॉट फाइलला लावा.

सूचना पूर्ण 14 दिवसांची हवी. सूचना देण्याचा आणि सभेचा, हे दोन्ही दिवस धरायचे नाहीत. उदाहरणार्थ, रविवार 26 सप्टेंबर 2021 ची सभा धरली तर सूचना 11 तारखेपर्यंत हातात पडायला हवी होती. त्या वर्षी 10 ला गणेश चतुर्थी, 11 ला ऋषिपंचमी होती. तेव्हा निम्मी बिल्डिंग गावाला गेलेली असणार. अशा वेळी 7-8 तारखेलाच हे उरकून टाकायचे. सभा ऑनलाइन असेल तर सहकार खात्याच्या ज्या परिपत्रकाच्या आधारे घेत आहात त्याचा क्रमांक आणि तारीख सूचनेत लिहा. ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल आणि अंदाजपत्रक पीडीएफ करून सोबत जोडा. सभेत स्क्रीनवर दाखवलेली एक्सेलची पाने मोबाइलवर कोणालाही वाचता येत नाहीत. मग अर्धा तास ‘जरा मोठं करा’ म्हणण्यात जातो.

प्रश्न: ऑनलाइन सभेत कोरम कसा मोजायचा? (खजिनदार, पुणे)

उत्तर: कोरम म्हणजे सभेला हजर लागणारी किमान सदस्यसंख्या. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याची सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश किंवा 20, यांतली कमी असेल ती संख्या. 84 सदस्य असतील तर 20 पुरतात. 24 असतील तर 16 लागतात. मोजायचे ते सदस्य, स्क्रीनवरच्या खिडक्या नव्हेत. नवरा हॉलमधून आणि बायको बेडरूममधून आली तरी सदनिका एकच. ‘रेडमी नोट 8’ किंवा ‘आयपॅड’ या नावाने आलेल्याला वेटिंग रूममध्येच थांबवा आणि नाव ‘सी-304 कुलकर्णी’ असे करायला सांगून मगच आत घ्या. हे काम सचिवांवर टाकू नका, वेगळा माणूस नेमा.

अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभा त्याच दिवशी किती वाजता घेणार, हे मूळ सूचनेतच छापलेले हवे. त्या सभेला कोरमची अट नसते. इथे एक फजिती ठरलेली. झूमच्या फुकट खात्यावर 40 मिनिटे मिळतात. त्यांतली 30 कोरमची वाट बघण्यात गेली की अध्यक्षांचे स्वागतपर भाषण होते न होते तोच सगळे बाहेर. एका महिन्याचे पैसे भरा, सोसायटीला ते जड नाहीत.

प्रश्न: मतदान झूमच्या पोलवर घेतले तर? (सदस्य, नाशिक)

उत्तर: देखभाल शुल्क, पार्किंग अशा वादाच्या विषयांना पोल नको. एका घरात दोन मोबाइल असले तर दोन मते पडतात. शिवाय होस्ट आणि सहहोस्ट (सभा चालवणारे) यांना पोलमध्ये मत देता येईलच असे नाही, आणि ते बहुतेक वेळा तुमचे अध्यक्ष आणि सचिवच असतात. त्यापेक्षा नावे पुकारा. ‘ए-101?’ ‘बाजूने.’ ‘ए-102?’ ‘विरोधात.’ एका नावाला 10 सेकंद धरले तर 84 जणांना 14 मिनिटे लागतात, म्हणून हे वादाच्या ठरावांपुरतेच करा. बाकीच्या ठरावांना सूचक आणि अनुमोदक घ्या, ‘कोणाचा विरोध?’ असे विचारून थोडे थांबा (नेट अडखळते, लोकांना म्यूट काढायलाही वेळ लागतो) आणि विरोध करणाऱ्यांची नावे इतिवृत्तात लिहा.

प्रश्न: वडील 78 वर्षांचे आहेत, त्यांना मोबाइल जमत नाही. त्यांच्या वतीने मी अमेरिकेतून लिंकवर बसू का?

उत्तर: नाही. प्रॉक्सी (सदस्याऐवजी दुसऱ्याने बसणे) किंवा मुखत्यारपत्र सर्वसाधारण सभेत चालत नाही. वडिलांना शेजाऱ्याने किंवा नातवाने लिंक लावून द्यावी; बोलायचे आणि मत द्यायचे त्यांनी स्वतः. तुम्ही सहयोगी सदस्य (म्हणजे वडिलांच्या शिफारशीवरून सोसायटीने तसे नोंदवलेले) असाल तर त्यांच्या लेखी संमतीने तुम्हाला मत देता येईल. ते पत्र सभेआधी सचिवांकडे पोचवा.

प्रश्न: निम्मे लोक पार्किंगमध्ये, निम्मे ऑनलाइन, अशी सभा घेता येईल का? (अध्यक्ष, डोंबिवली)

उत्तर: करोनाच्या काळात जिल्हा प्रशासनाने आणि महापालिकेने गर्दीवर घातलेली मर्यादा आधी पाहावी लागे. घेता येते, पण अशा सभेत आवाजाचे फार हाल होतात. खाली एकच लॅपटॉप आणि एकच माइक ठेवा. खाली बसलेल्यांनी आपापल्या मोबाइलवर लिंक उघडली की आवाज घुमायला लागतो. माइक हातोहात फिरवू नका, स्टँडला लावून खुर्च्यांपासून दूर ठेवा; बोलणारा तिथे येईल. करोनाच्या काळात मास्क लावूनच बोलू द्यावे लागे.

प्रश्न: याच सभेत पुनर्विकासाचा ठराव उरकून घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार त्याला दोन-तृतीयांश सदस्य हजर लागतात, वेगळी विशेष सभा आणि चित्रीकरण लागते, आणि विकासक निवडताना निबंधकांचा प्रतिनिधी हजर असावा लागतो. इतर विषयांत घुसडलेला असा ठराव न्यायालयात टिकवणे अवघड जाते.

प्रश्न: रेकॉर्डिंग आहे, मग इतिवृत्त कशाला?

उत्तर: रेकॉर्डिंग पुरावा आहे, इतिवृत्त नव्हे. तीन महिन्यांत समितीने कच्चे इतिवृत्त मंजूर करून सदस्यांना पाठवायचे. हरकती 15 दिवसांत लेखी घ्यायच्या. रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी तसे सांगा आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवर दफ्तरी ठेवा. नेमलेल्या लेखापरीक्षकाचे नाव आणि संमतिपत्र मात्र सभेपासून 30 दिवसांत निबंधकांकडे गेले पाहिजे. सभा पार पडल्याच्या आनंदात हेच काम नेमके राहून जाते.