जुन्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉयच्या सिनेमांत पारंपरिक मूल्यं जपलेली असायची का? तेव्हाचा समाज खरा दाखवलाय का?

मूल्यं होती, पण कुणाची ते आधी विचारा. "त्या काळी सिनेमात बाईचा मान राखायचे" हे आमच्या काकांचं ठरलेलं वाक्य, तुमच्या प्रश्नातही तोच सूर दिसला म्हणून लिहायला बसलो.

दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९३९ चा 'स्टेजकोच' घ्या, काकांचा आवडता. त्यात गावातल्या सभ्य बायका डॅलस नावाच्या बाईला गावाबाहेर काढतात आणि ती प्रवासी घोडागाडीतून निघते. ती वेश्या आहे, पण तसं कुणी तोंडानं म्हणत नाही, कारण १९३४ पासून हॉलीवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय चालणार नाही याची नियमावली, कडक लागू झालेला. वाटेत गाडीच्या एका थांब्यावर सगळे प्रवासी जेवायला बसतात, तुरुंगातून पळालेला रिंगो डॅलसला खुर्ची देतो आणि समोरची घरंदाज लष्करी अधिकाऱ्याची बायको अस्वस्थ होते, मग एक सद्गृहस्थ तिला खिडकीजवळ गार आहे म्हणून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. रिंगोला वाटतं आपल्यामुळेच उठले.

माझी आत्या नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. घरातल्याच एका लग्नात ती पंगतीत बसली आणि शेजारच्या बाई लेकीचा हात धरून उठल्या, म्हणे तिकडे पंखा आहे. आत्यानं मान खाली घालून वरणभात कालवला, नुसता कालवतच राहिली. काका तेव्हा जिलेबी वाढत होते, त्यांनी बघितलं आणि पुढच्या पानाकडे गेले. पुढे एकदा टीव्हीवर हा सिनेमा लागला तेव्हा त्या जेवणाच्या सीनला मी आत्याचा विषय काढला, तर म्हणाले, "अरे पण डॅलसला शेवटी चांगला नवरा मिळतोच ना!" म्हणजे मान मिळायचा तर नवऱ्याकडूनच.

फोर्डनं मात्र बाजू कुणाची घेतलीय ते स्पष्ट आहे. त्याच गाडीतला प्रतिष्ठित बँकर पैसे घेऊन पळतोय, आणि त्याच घरंदाज बाईचं बाळंतपण दारुडा डॉक्टर आणि डॅलस मिळून करतात. नंतर ती बाई काही करता आलं तर, असं म्हणायला जाते आणि वाक्य अर्धवटच सोडते. ही जुनी मूल्यं शिकवणारी फिल्म नाही, त्यांचा हिशेब मागणारी आहे.

आता समाज खरा दाखवलाय का, तर नाही. गाडीवर हल्ला करणाऱ्या अपाची या मूळनिवासी जमातीच्या लोकांना एक वाक्यसुद्धा नाही, आणि त्यातल्या बऱ्याच भूमिका, जिथे शूटिंग झालं त्या मॉन्युमेंट व्हॅलीतल्या नवाहो या दुसऱ्याच जमातीच्या लोकांनी केल्या. चारातला एक काउबॉय कृष्णवर्णीय असावा असा काही इतिहासकारांचा अंदाज आहे, या सिनेमांत ते जवळपास दिसतच नाहीत. तिथे फोर्डही सुटत नाही. आणि सगळेच जुने वेस्टर्न 'स्टेजकोच'इतके धीट नव्हते, हेही खरं.

बघायचाच तर घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून बघा आणि जेवणाचा सीन झाला की विचारा, तुम्ही कुठल्या खुर्चीत बसला असता. काकांनी त्या दिवशी जिलेबीचं ताट खाली ठेवून एक शब्द बोलायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि पुन्हा सांगेन.