लेक म्हणते, तपकिरी बटू शोधायचेत

दादा, नमस्कार.

तासगावहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, रात्री बारापर्यंत लॅपटॉपवर ताऱ्यांचे आलेख बघत बसते, 'तपकिरी बटू शोधणार' म्हणते. तुमच्या मनात मात्र सीईटी आणि इंजिनिअरिंग. "यात पोट भरेल का?" असं तुम्ही विचारलंय.

आधी ती काय बघते ते सांगतो. तपकिरी बटू, म्हणजे ब्राऊन ड्वार्फ, हा गुरूच्या साधारण १३ ते ८० पट वस्तुमानाचा गोळा. ग्रह म्हणावा तर फार जड, आणि ताऱ्यासारखा हायड्रोजन जाळत राहायला वजन अपुरं. तो सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड काही तास जेमतेम एक टक्क्याने उतरतो. हे अधिक्रमण. नासाची टेस दुर्बीण २०१८ पासून असे उजेड मोजते, आणि तिची नोंद कुणालाही फुकट बघता येते. आलेखातला तो खळगा तुमची लेक शोधते.

मेख पुढे आहे. बटू कितीही जड असो, आकाराने बहुधा गुरूएवढाच भरतो. एकाच मापाचे दोन बॉक्स, एकात बेदाणा, दुसऱ्यात नुसता कागद. लांबून काय कळणार? काट्यावर चढवावे लागतात. इथला काटा म्हणजे वर्णपटमापक. बटूच्या ओढीने तारा किती हलतो, ते तो मोजतो. २००८ साली जाहीर झालेला कोरो-३बी हा बटू असाच तोलला गेला: आकार गुरूइतका, वजन जवळपास २२ पट, ताऱ्याभोवती फेरी सव्वाचार दिवसांत. असा काटा आपल्या देशातही आहे, माउंट अबूच्या गुरुशिखरावर, अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचा पारस-२.

सूर्यासारख्या ताऱ्यांजवळ हे बटू इतके विरळ, की अभ्यासक त्या पट्ट्याला वाळवंट म्हणतात. म्हणजे शेकडो आलेख बघून हाती काही न लागणं, हेच रोजचं काम. ते कुणी न सांगता करणारी मुलगी मला क्वचित भेटते. तिला यातून ओढून काढू नका, असं मी मनापासून सांगतो.

पोटाचं बोलू. आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान संशोधन संस्था, तिथला पाच वर्षांचा बीएस-एमएस, किंवा सांगलीतच फिजिक्समध्ये बीएस्सी करून एमएस्सीसाठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा. पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण पायथॉन आणि संख्याशास्त्र पक्कं असेल तर डेटाच्या कामात तिला मागणी राहील.

सीईटी देऊ द्याच, फॉर्म भरलेला बरा. मात्र रात्रीचे आलेख परीक्षेपर्यंत फक्त शनिवारी. आयसरच्या परीक्षेत बायॉलॉजीचेही प्रश्न असतात. तिने तो विषय सोडला असेल तर आत्ताच अकरावीचं पुस्तक काढा. अर्ज साधारण मार्चमध्ये सुरू होतात. आणि येत्या शनिवारी तासभर तिच्याशेजारी बसा, तो खळगा तिलाच दाखवायला सांगा.